मिररलेसचं बिऱ्हाड हलवावं का? (एका मायक्रो फोर थर्ड्सवाल्याचा प्रश्न)

पाणथळ | शुक्रवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, आज प्रश्न घेऊन आलोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे ऑलिंपसची ई-एम१ मार्क टू आहे, २०१८ साली घेतलेली. मायक्रो फोर थर्ड्स, म्हणजे लहान सेन्सरवाल्या मिररलेस पद्धतीतली. सोबत १२-४० एफ/२.८, ६० मिमी मॅक्रो आणि पॅनासॉनिक-लायकाची १००-४०० अशा तीन लेन्सा. (लेन्सेस म्हणायचं असतं हे माहीत आहे. आमच्या घरी लेन्साच म्हणतात.) हिवाळ्यात रविवारी पक्ष्यांसाठी कवडीपाट नाहीतर भिगवण, पावसाळ्यात एक-दोनदा बेडकांसाठी आंबोली, एरवी घरचे कार्यक्रम. सगळं बिऱ्हाड एका पाठपिशवीत मावतं आणि स्कूटरवरून जातं.

गेल्या महिन्यात भिगवणजवळच्या कुंभारगावला होडीत शेजारी एक मुलगा होता. नदी सुरय पाण्यावर सूर मारत होते. त्याच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक छोटी चौकट पक्ष्याच्या डोळ्याला गोचिडासारखी चिकटलेली. पक्षी वळला की चौकट वळे. माझा कॅमेरा २०१६ सालचं मॉडेल, पक्षी ओळखणारं ऑटोफोकस त्यात नाहीच. मी आपला मधल्या नऊ बिंदूंमध्ये सुरय धरायला बघतोय आणि मागच्या बाभळी टिपतोय. घरी येऊन बघितलं, उडत्या पक्ष्यांचे १३८ फोटो, त्यातले ठेवावेत असे ९.

दुसरी धाकधूक वेगळीच. २०२०मध्ये ऑलिंपसने कॅमेऱ्यांचा धंदा विकायला काढला आणि १ जानेवारी २०२१पासून ओएम डिजिटल सोल्यूशन्स ही नवी कंपनी तो चालवते. त्यांच्या ओएम-१ कॅमेऱ्याच्या कपाळावर तरी ‘ऑलिंपस’ लिहिलेलं होतं, २०२४च्या ओएम-१ मार्क टूवर तेही पुसलं. आडनाव बदललेल्या घराण्यात आणखी पैसे घालावेत का?

तर डोक्यात असं आहे. इथेच राहून सेकंडहँड ओएम-१ घ्यायची, ओळखीतल्या एकाची ९५ हजारांत मिळतेय. नाहीतर सगळं विकून निकॉनची झेड फिफ्टी टू आणि १८०-६००, जी जोडी अडीच लाखांच्या आसपास जाते. एक मित्र म्हणतो कॅनन आर७ घे, दुसरा म्हणतो सोनीशिवाय पर्याय नाही. दोघेही वर्षातून दोनदाच कॅमेरा बाहेर काढतात, हे जाता जाता.

एका दुकानात विचारलं. माझ्या सगळ्या सामानाचे मिळून ७८ हजार देतो म्हणाले. हे सगळं जमवायला मला सव्वातीन लाख लागले होते. घरी हा आकडा सांगितलेला नाही, तुम्हीही सांगू नका.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कट्टेकर | शुक्रवार, रात्री ११.०५

जागा धरून ठेवतो. ब्रँडचा धागा म्हणजे शंभरी नक्की.

नवखा७७ | शुक्रवार, रात्री ११.२०

चांगला मोबाईल घ्या हो. आजकाल मोबाईलमध्ये शंभरपट झूम असतो.

पाणथळ | शुक्रवार, रात्री ११.३१

@नवखा७७, असतो ना. त्यात सुरयाचा बगळा होतो आणि बगळ्याची प्लास्टिकची पिशवी. हलके घ्या.

तिपाई | शनिवार, सकाळी ६.४५

पाणथळ, निर्णय तुमचा. पण विकण्याआधी एक भागाकार करून बघा, तो दुकानात कोणी करून दाखवत नाही.

लेन्सच्या मिलिमीटरला एफच्या आकड्याने भागा. येतो तो उजेड आत शिरण्याच्या भोकाचा व्यास. तुमची १००-४०० पूर्ण ताणली की ४०० भागिले ६.३, म्हणजे ६३ मिमी. ऑलिंपसच्या ३०० एफ/४ची ७५. निकॉनची १८०-६०० घ्या किंवा सोनीची २००-६००, दोन्ही शेवटाला एफ/६.३, म्हणून दोन्हींची ९५. फुजीची १५०-६०० एफ/८वर संपते, तिची पुन्हा ७५. कॅननची ती स्वस्त ६०० एफ/११ जेमतेम ५५.

आता पक्षी तोच आहे आणि तुम्हीही त्याच होडीत, त्याच अंतरावर बसला आहात. अशा वेळी पक्ष्याच्या अंगावरून किती उजेड कॅमेऱ्यात येणार हे त्या भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं. सेन्सर लहान की मोठा, हा त्यानंतरचा प्रश्न. ९५ आणि ६३ यांचे वर्ग करून भागा, सव्वादोन पट येतं. म्हणजे एक स्टॉप (उजेड दुप्पट) आणि वर चिमूटभर. फुल फ्रेमवाले, म्हणजे मोठ्या सेन्सरवाले, छाती फुगवून ‘दोन स्टॉप’ म्हणतात ते एफ आकडा तोच ठेवला आणि चौकटही तेवढीच भरली तरच. तुमच्या ४०० एफ/६.३ला फुल फ्रेमवर तशी जोड हवी तर ८०० एफ/६.३ लागेल. अशी लेन्स निकॉनने २०२२मध्ये खरंच काढली आहे. वजन २ किलो ३८५ ग्रॅम आणि त्या किमतीत घरापुढे बरी सेकंडहँड मारुती उभी राहते.

तेव्हा अडीच लाख घालून तुम्ही मुख्यतः एक स्टॉप उजेड आणि नव्या पिढीचं ऑटोफोकस विकत घेताय. ऑटोफोकस ओएम-१मध्येही आहे. स्टॅक्ड, म्हणजे झटपट वाचला जाणारा सेन्सर आहे, पक्षी ओळखते. मग उरला तो एक स्टॉप. त्याची किंमत तुमच्या लेखी किती?

आणखी एक. ते १३८ फोटो पुन्हा उघडा आणि प्रत्येकाच्या शटरचा वेग किती होता ते बघा. मी गेली वीस वर्षं लोकांचे फोटो तपासतोय, त्यातून एक शंका आहे. ती आत्ता सांगत नाही.

कट्टेकर | शनिवार, सकाळी ७.१०

काका, सकाळी पावणेसातला वर्ग करायला लावता! वाचनखूण साठवली.

वऱ्हाडी ठेचा | शनिवार, सकाळी ९.२०

मी तं सरळ सांगतो भाऊ. आमी ताडोब्याले जातो, जिप्सीत बसतो, बीन बॅग ठेवतो. वजनाचं काई सोयरसुतक नाई. माझ्याकडं आर७ हाय आणि जुन्या ईएफ माउंटची (माउंट म्हंजे लेन्स बसवायची खाच) १००-४०० मार्क टू अडॅप्टर लावून. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर असं चालते जशी तिथंच जन्मली. डीएसएलआरच्या काळातल्या ईएफ लेन्सा गावोगाव पडून हायेत, लोकं पाण्याच्या भावात काढून रायले. पैसा वाचवायचा असंन तं ही वाट बघा.

पण दोन गोष्टी प्रामाणिकपणे. आर७चा सेन्सर स्टॅक्ड नाई, त्याच्यानं आवाज बंद करून इलेक्ट्रॉनिक शटरवर उडता पक्षी काढला तं पंख वाकडे येऊ शकतात. मेकॅनिकलवर सेकंदाले १५ फ्रेम मिळतात, तेवढ्यावर माझं भागते. दुसरं म्हणजे आरएफ या नव्या माउंटवर बाहेरच्या कंपन्यांना कॅननने लय दिवस दार उघडलं नव्हतं. २०२४पासून सिग्मा-टॅमरॉन आले, ते पण क्रॉप, म्हंजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या लेन्सा घेऊन. सोनीवाल्यांकडं तसं नाई, तिथं बाजार भरलेला हाय.

तुमच्या जागी मी असतो तं? मी तुमच्या जागी नाई. मले बेडूक काढायचे नसतात.

उजेडवाली | शनिवार, सकाळी ११.४०

मी नाशिकला लग्नं शूट करते, पक्षी-बिक्षी मला काही कळत नाही. पण ब्रँड बदलण्याचं सगळं दुखणं मी भोगलंय. २०१९मध्ये डीएसएलआर सोडून सोनीवर आले. कारण विचाराल तर सेन्सर नाही, डायनॅमिक रेंज नाही. माझ्याबरोबर काम करणारी पाचपैकी चार मुलं सोनीवर होती. मांडवात ऐन सप्तपदीच्या वेळी माझी लेन्स हातातून पडली, दुसऱ्या मिनिटाला सहकाऱ्याने त्याची ८५ माझ्या हातात दिली. वेगळ्या माउंटवर असते तर हातावर हात धरून बसले असते.

म्हणून विचारते, तुमच्याबरोबर भिगवणला कोण जातं? त्यांच्या पिशवीत काय असतं? उसनी लेन्स, उसनी बॅटरी, उसना चार्जर यांचा हिशेब कुठल्याच रिव्ह्यूत नसतो.

आणि बदलण्याचा खरा खर्च कॅमेऱ्याचा नसतोच. तीन महिने बोटं चुकीच्या बटणावर जातात. झूमची रिंग एका कंपनीत डावीकडे फिरते, दुसरीत उजवीकडे. कार्ड वेगळं, बॅटऱ्या वेगळ्या, फ्लॅशचा ट्रिगर वेगळा. माझे बॉडी-लेन्स सोडून नुसत्या किरकोळीत चाळीस हजार गेले. ‘किरकोळी’ हा शब्द मी तेव्हापासून वापरत नाही.

अवांतर: मंगल कार्यालयात सायलेंट शटर लावणाऱ्यांनो, एलईडीचे पट्टे दिसायला लागले की कॅमेऱ्याला शिव्या देऊ नका. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि दिवे लुकलुकत असतात. मेकॅनिकल शटर लावा आणि गप काम करा.

खारवट | शनिवार, दुपारी १.१५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

जुनाट | शनिवार, दुपारी ३.३०

‘कंपनी बुडाली तर?’ या भीतीबद्दल मी अधिकारवाणीने बोलू शकतो, कारण माझं अख्खं माउंट वारलंय. निकॉन वन. २०११मध्ये आली, २०१८मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. सॅमसंगच्या एनएक्सचं तसंच झालं, कॅननच्या ईएफ-एमचंही. मी दहावा-तेरावा घालून मोकळा झालो आणि कॅमेरा वापरत राहिलो. माझ्या ७०-३००ची चौकट फुल फ्रेमच्या ८१० मिमीएवढी, पिशवीत मावते, अजून तांबट काढतो तिच्यावर.

मेलेल्या माउंटमध्ये पहिला प्रश्न येतो तो बॅटरीचा. लेन्सला काही होत नाही. अस्सल बॅटरी मिळेनाशी झाली आणि बाजारातली भलत्याच नावाची दुपारपर्यंत पुरेना, तेव्हा मला माउंटचं मरण कळलं. सेन्सर धुळीने भरला तर ब्लोअर आहे, बॅटरीला ब्लोअर नाही.

हे ऐकून घाबरू नका. मायक्रो फोर थर्ड्स एकट्या कंपनीचं नाही. २००८मध्ये ऑलिंपस आणि पॅनासॉनिक दोघांनी मिळून ते काढलं, पॅनासॉनिकची जी९ मार्क टू २०२३ची आहे. एक घर पडलं तरी भिंत सामाईक आहे. फक्त ओएम-१ घेणार असलात तर तिची बॅटरी वेगळी, हे आधी कळलेलं बरं. तुमच्या मार्क टूची बीएलएच-१ तिला चालत नाही, बीएलएक्स-१ लागते.

पाणथळ | शनिवार, रात्री ९.१०

सगळ्यांचे आभार. उजेडवालीताई, तुमचा प्रश्न झोंबला. भिगवणला माझ्याबरोबर मेव्हणा येतो, त्याच्या पिशवीत डबा असतो.

तिपाईकाका, शटरचं अजून बघितलं नाही. बघायची भीती वाटतेय.

जुनाट, बॅटरीचं माहीतच नव्हतं. माझ्याकडे चार बीएलएच आहेत.

ठरवलंय की पुढच्या रविवारी निकॉन भाड्याने घेऊन जातो. झेड फिफ्टी टू भाड्याला नाही, झेड६ थ्री आणि १८०-६०० मिळतेय. आधार कार्डाची प्रत आणि अनामत रक्कम ठेवून. दीड दिवसाच्या गणपतीसारखा आणतो आणि पोचवतो.

मांडवीकाठ | रविवार, सकाळी ८.००

पणजीहून लिहितोय. पुण्याची हवा कोरडी, तुम्हाला आमची दुःखं कळायची नाहीत. इथे जून ते सप्टेंबर लेन्स कपाटात ठेवली की आत कोळ्याचं जाळं विणल्यासारखी बुरशी येते. माझी एक सुंदर जुनी १०५ मॅक्रो तशी गेली. चूक माझीच, कातड्याच्या पाऊचमध्ये ठेवली होती, आणि कातडं म्हणजे बुरशीचं माहेर. तेव्हापासून आधी विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट आणि मग लेन्स. आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवतो.

सांगायचं एवढंच की सेकंडहँड लेन्स घेणार असाल, कुठल्याही ब्रँडची, तर मागून मोबाईलची बत्ती मारून पुढून बघा. आमच्या किनारपट्टीवरची असेल तर दोनदा बघा. ओएम-१ ओळखीतल्याची म्हणालात, तो पक्षी कुठे काढतो? चोडणच्या खारफुटीत काढत असेल तर बटणांच्या कडेला मिठाची पांढरी रेघ शोधा.

डब्लिनचा पाऊस | रविवार, दुपारी २.२०

मूळची मिरजेची, सध्या आयर्लंडमध्ये. ओएम-१ तीन वर्षं वापरतेय. इथे पाऊस आडवा येतो, म्हणून घेतली. धूळ-पाण्यापासून बचावाचं आयपी५३ मानांकन आहे, आणि लेन्सही तशीच सीलबंद हवी, नाहीतर नुसती बॉडी सीलबंद असून काय उपयोग. माझं काम बहुतेक समुद्रकाठी, हातात धरूनच. तिपाई म्हणतात तो एक स्टॉप मला नोव्हेंबरात फार आठवतो. दुपारी चारला अंधारून येतं इथे, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, उजेड कमी की ती वाढवायची) ६४००वर मुरमुऱ्यासारखे दाणे दिसतात. दाणे कमी करणारी सॉफ्टवेअरं बरीच सुधारलीत, पण पिसांचा पोत कधी कधी मेणासारखा होतो आणि ते मला आवडत नाही.

तुमच्याकडे जानेवारीत सकाळी नऊला इतका उजेड असतो की मला हेवा वाटतो. तुमचा प्रश्न माझ्या प्रश्नाइतका अवघड नाही.

दिवाळीला येणार आहे, पण ‘परदेशातून आणून द्या’ असं म्हणू नका. वॉरंटी तिकडे चालेल की नाही ते आधी तपासावं लागतं, शिवाय कस्टम्स. एका आतेभावाला लेन्स आणून दिली होती, अजून दसऱ्याला सोनं द्यायला आला की तोच विषय काढतो.

खारवट | रविवार, दुपारी ३.००

आधीचा प्रतिसाद काढला, कारण चिडून लिहिला होता. पण कोणीच कसं म्हणत नाही की या माणसाला कॅमेऱ्याची गरजच नाहीये? २०१८ला घेतलेला चालू कॅमेरा, तीन उत्तम लेन्स, सगळं ठणठणीत. होडीत शेजारच्या मुलाच्या पडद्यात डोकावला आणि रोग लागला. पुढच्या वर्षी त्या मुलाकडे आणखी नवा असेल.

कट्टेकर | रविवार, दुपारी ३.१२

आला हो आला, धागा रंगात आला.

तिपाई | रविवार, संध्याकाळी ५.३०

खारवट, अर्धं सहमत. रोग कुठूनही लागो, पक्षी ओळखणाऱ्या ऑटोफोकसने उडत्या पक्ष्यांच्या फोटोत खरंच फरक पडला आहे, त्याला हौस म्हणून उडवून लावता येणार नाही. मी स्वतः २००९पासून नदी सुरय काढतोय. पूर्वी शंभरातले पाच मिळाले तर पार्टी द्यायचो.

पाणथळ | पुढचा सोमवार, रात्री १०.१५

आलो. खांदा दुखतोय, त्यामुळे आडवा पडून लिहितोय.

आधी वजनाचं, कारण रविवारी सकाळी आठ वाजेपर्यंत दुसरं काही सुचत नव्हतं. माझी बॉडी ५७४ ग्रॅम आणि १००-४०० आहे ९८५. म्हणजे दीड किलोच्या किंचित वर. झेड६ थ्री ७६० आणि १८०-६०० तिच्या कॉलरसकट २ किलो १४०. जवळजवळ दुप्पट. कागदावर सव्वा किलोहून किंचित जास्तीचा फरक काहीच वाटत नाही. होडीत बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून, एक रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उडायची वीस मिनिटं वाट बघताना तो कळतो. होडीवाले दादा म्हणाले, ‘साहेब, मागच्या वेळी दुर्बीण आणली होती, या वेळी तोफ?’

आता चांगलं. चौकट खरंच डोळ्याला चिकटते. सुरय, घार, पट्टकादंब, सगळ्यांना. मी फक्त पक्षी चौकटीत ठेवायचं काम केलं. मेव्हण्याच्या हातात दिली तर त्यालाही दोन बरे मिळाले, आणि त्याला सुरय आणि कुरव यातला फरक माहीत नाही. सकाळी पावणेसातला, धुकं असताना, आयएसओ ३२००वर फोटो माझ्या कॅमेऱ्यापेक्षा स्वच्छ आले. झूम करताना लेन्स लांब होत नाही, तोल जात नाही, हेही फार आवडलं.

पण एक गोष्ट आधी लक्षातच आली नव्हती. पक्षी लहान दिसला! माझी ४०० फुल फ्रेमच्या ८००ची चौकट देते, ही ६०० ती ६००चीच. सवयीने जिथून चौकट भरायचो तिथून आता कडेने पाणीच पाणी. माझ्या नेहमीच्या मापाला कापून घेतलं तर साडेचोवीस मेगापिक्सेलचे पावणेचौदा उरतात. माझे वीसच्या वीस असतात. झेड फिफ्टी टूवर हा प्रश्न नाही, तिच्यावर ती ९००ची चौकट होते. मात्र त्या बॉडीत आतलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र सावरणारं) नाही. १८०-६००मध्ये स्वतःचं आहे, तिथे अडणार नाही. मॅक्रोला अडेल.

मॅक्रोवरून आंबोली आठवली. तिथे रात्री साडेदहाला, एका हातात छत्री आणि दातात टॉर्च धरून मी बेडूक काढतो. माझी ६० मॅक्रो १८५ ग्रॅमची आहे. कॅमेरा आठ फ्रेम घेऊन त्या आतल्या आत जोडून देतो, बेडकाच्या नाकापासून पाठीपर्यंत सगळं स्पष्ट. निकॉनवर फोकस सरकवत फ्रेम घेता येतात, जोडायचं काम घरी संगणकावर. आणि त्यांची १०५ मॅक्रो ६३० ग्रॅम. म्हणजे माझ्या पावसाळ्यासाठी वेगळा खर्च आणि वेगळा दंड, दोन्ही अर्थांनी.

आणि काका, तुमचं शटर.

काल रात्री भीतभीत उघडलं. ठेवण्यालायक नसलेले १२९. त्यातले ३४ सरळ बाभळींवर फोकस, ते कॅमेऱ्याच्या पिढीच्या नावावर टाकतो. उरले ९५. त्यातल्या ६१ मध्ये शटर १/१००० सेकंदापेक्षा संथ होतं, काहींत तर १/५००. मी आयएसओ वाढायच्या भीतीने शटर कमी ठेवत होतो. सुरयाचे पंख त्या वेगात हलणारच की. जे मी आठवडाभर ऑटोफोकसच्या डोक्यावर फोडत होतो, त्यातलं निम्मं पाप माझ्या अंगठ्याचं निघालं.

तिपाई | सोमवार, रात्री १०.४०

तीच शंका होती. सुरयाला १/२५००, निदान १/२०००. आयएसओ १६००ला घाबरायचं दिवसाढवळ्या कारण नाही. दाण्यांचा गोंगाट घरी कमी करता येतो, हललेला पंख करता येत नाही.

खारवट | सोमवार, रात्री १०.४५

मी काय म्हणत होतो!

वऱ्हाडी ठेचा | सोमवार, रात्री ११.००

खारवट भाऊ, ३४ बाभळी पण त्याच धाग्यात लिवल्या हायेत, त्या बी वाचा.

पाणथळ | मंगळवार, सकाळी ७.५०

दोघेही बरोबर, म्हणून निकालही अर्धवट आहे. बिऱ्हाड हलवत नाही. ओएम-१ बघायला शनिवारी जातो, मांडवीकाठांनी सांगितलंय तसं बत्ती आणि मिठाची रेघ दोन्ही तपासून. पण लगेच घेणार नाही. आधी महिनाभर जुन्यावरच १/२५०० ठेवून भिगवण करतो. बाभळींचा आकडा तेवढाच राहिला तर घेईन. कमी झाला तर १०० टक्के घेणार नाही असंही म्हणत नाही, मी स्वतःला ओळखतो.

एक स्टॉपचं दुःख उरेल, पहाटेच्या धुक्यात. त्याला उपाय म्हणून होडी पाऊण तास उशिरा सोडायला सांगणार आहे.

डब्लिनचा पाऊस | मंगळवार, सकाळी ११.३०

ओएम-१ घेतलीतच तर प्रो कॅप्चर आधी शिका. बटण अर्धं दाबून ठेवायचं, पक्षी फांदीवरून उडाला की पूर्ण दाबायचं, उडण्याच्या आधीच्या फ्रेम्स त्यात आलेल्या असतात. खरं तर तुमच्या मार्क टूमध्येही ते आहे! वापरलंय का कधी?

पाणथळ | मंगळवार, दुपारी १२.०५

...नाही. ते मेनूत आहे हे माहीत होतं. मला वाटायचं व्हिडिओचं काहीतरी असेल.

कट्टेकर | मंगळवार, दुपारी १२.०७

सात वर्षं!!!

उजेडवाली | मंगळवार, दुपारी १.३०

हसू नका हो, माझ्या कॅमेऱ्यात अशी निदान वीस पानं आहेत जी मी उघडलेली नाहीत.

पाणथळ, ओएम-१ घेतलीत तर जुनी बॉडी दुकानात देऊ नका. माझ्या पुतण्याला शिकायला पाहिजे, बारावी झाली की तो माझ्याबरोबर यायला लागणार आहे. (सोनीवर आणायचा माझा बेत होता, पण त्याला फुलपाखरांचं वेड आहे.) व्यक्तिगत निरोप केलाय. शटर काउंट (आजवर किती वेळा शटर उडालं) किती झालाय आणि त्या चार बॅटऱ्या बरोबर देणार का, तेवढं कळवा. घासाघीस करणार, आधीच सांगते.

पाणथळ | मंगळवार, दुपारी १.५०

काउंट ८६ हजार. बॅटऱ्या तीन देईन.

उजेडवाली | मंगळवार, दुपारी १.५२

चार.